दोन अंगठे

बँकेच्या नोकरीत अंगठ्याशी फार जवळचा संबंध येतो. निरक्षर खातेदार शाखेत आला की शाईची डबी पुढे सरकवायची, अंगठा कागदावर नीट उमटला ना हे पाहायचे आणि त्याखाली 'माझ्यासमक्ष' असे लिहून सही करायची, हे काम प्रत्येक बँक अधिकाऱ्याने कधी ना कधी केलेले असते. अलीकडे आणखी एका अंगठ्याशी आमचा संबंध जडला आहे. समाजमाध्यमांवर आपण काही प्रसृत केले की त्याखाली पसंतीदर्शक म्हणून जो उमटतो, तो हा अंगठा. पहिल्या अंगठ्याने खातेदार आपल्यावर विश्वास टाकतो; दुसऱ्याने कोणी परिचित वा अपरिचित मनुष्य क्षणभर आपली दखल घेतो. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे काय होते, हे मी रायपूरच्या सदर बाजारात शिकले. तो धडा माझ्या चुकीतून मिळालेला आहे, तरीही किंवा म्हणूनच तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

वाणिज्य शाखेतील पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मी विपणन अधिकारी म्हणून बँकेत रुजू झाले. माहेर अमरावतीचे असल्यामुळे रायपूरला बदली झाली तेव्हा परमुलखात जात आहोत असे फारसे वाटले नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहराचा मराठीशी ऋणानुबंध आहे. सदर बाजार ही इथली सराफ्याची पेठ. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना सोन्याचांदीची दुकाने, मध्येच श्री ऋषभदेवांचे जैन मंदिर, आणि धनत्रयोदशीच्या सुमारास तर पाऊल ठेवायलाही जागा मिळू नये अशी गर्दी. खेड्यापाड्यांतून आलेल्या स्त्रिया ऐंठी, सुता, करधन असे दागिने निरखीत बसलेल्या दिसतात. अशा पेठेत सोनेतारण कर्जाच्या व्यवसायाला वाव असणार हे सांगण्यासाठी विपणनशास्त्राची पदवी लागत नाही.

त्या वर्षी दिवाळीपूर्वी आमच्या शाखेने सोनेतारण कर्जाची मोहीम हाती घेतली होती. प्रसिद्धीची जबाबदारी माझ्याकडे होती. समाजमाध्यमांवर रोज काहीतरी नवे हवे, शक्य तर समाधानी ग्राहकाचा हसरा चेहरा हवा, असा माझाच आग्रह होता. त्याच सुमारास एक प्रौढ महिला खातेदार शाखेत आल्या. घरी बडी, पापड करून त्या दुकानांना पुरवीत. शाखेतील सर्वजण त्यांना आदराने 'दाई' म्हणत. सणापूर्वी उडदाची डाळ एकरकमी भरायची होती, म्हणून गळ्यातली माळ आणि कानातली फुले तारण ठेवून त्यांना कर्ज हवे होते.

मी स्वतः त्यांच्याजवळ बसले. मूल्यांकनकाराने वजन केले, शुद्धता तपासली. व्याजाचा दर, परतफेडीची मुदत, हप्ता चुकल्यास काय होईल, दागिने कुठे व कसे सुरक्षित राहतील, हे सारे मी त्यांना त्यांच्या भाषेत समजावून दिले. त्यांनी प्रत्येक वाक्यावर मान डोलावली, दोन प्रश्न विचारले आणि मग अंगठा उमटवला. कागदपत्रांच्या दृष्टीने त्या दिवशीचे माझे काम निर्दोष होते.

त्यानंतर मी म्हटले, "दाई, एक फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "हव, मॅडम." मी छायाचित्र काढले आणि 'आमच्या कर्तबगार महिला उद्योजिका' अशा मथळ्याखाली सोनेतारण मोहिमेच्या बोधचिन्हासह प्रसृत केले. संध्याकाळपर्यंत त्यावर दोनशेहून अधिक अंगठे उमटले. वरिष्ठांनी गटावर अभिनंदन केले. मीही मनोमन सुखावले.

चार दिवसांनी दाई पुन्हा आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे आज वाटते. समोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी हळू आवाजात एवढेच विचारले, "हमर घर के बात ला सबो झन ला काबर बता देव?" आमच्या घरची गोष्ट सगळ्यांना का सांगितलीत? ते छायाचित्र कुणाच्या तरी मोबाईलवरून त्यांच्या गावी पोहोचले होते. अंगावरचे सोने गहाण टाकण्याची वेळ का आली, म्हणून नातलगांचे फोन सुरू झाले होते. धाकट्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. त्या घरापर्यंतही वार्ता गेली होती. आम्ही 'उद्योजिका' लिहिले होते, लोकांनी 'गहाण' वाचले होते.

मी छायाचित्र तत्काळ काढून टाकले आणि त्यांची क्षमा मागितली. परंतु मूळ प्रत पुसता आली, तरी गावोगावच्या गटांत पोहोचलेल्या प्रती परत बोलावता येत नाहीत. दिवाळीनंतर दाईंनी पै न् पै फेडून आपले दागिने सोडवून नेले. पुढच्या हंगामात त्या कर्जासाठी आमच्या शाखेत आल्या नाहीत.

मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घालीत होते की मी तर विचारले होते आणि त्यांनी 'हव' म्हटले होते. पण काउंटरच्या पलीकडे बसलेल्या, नुकतेच कर्ज मंजूर झालेल्या, पैसे अजून हाती पडायचे असलेल्या व्यक्तीने मॅडमला 'नाही' म्हणणे कितपत शक्य असते? त्यांच्याजवळ साधा बटणांचा मोबाईल होता. छायाचित्र कुठे जाणार, कोण पाहणार, किती काळ राहणार, याची त्यांना कल्पना नव्हती आणि ती मी दिलीही नव्हती. कर्जाची प्रत्येक अट मी त्यांना समजावून सांगितली. छायाचित्राविषयी मात्र एक वाक्यही बोलले नाही. त्या 'हव'मध्ये संमती थोडी आणि भिडस्तपणा अधिक होता.

हे शल्य मी एकदा सदर बाजारातील एका वयोवृद्ध सराफांपाशी बोलून दाखवले. ते आमचे जुने खातेदार. गादीवर बसून त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, माल दिखाइए, ग्राहक मत दिखाइए." कोणत्या घराने काय घेतले, कोणी काय मोडले, कोणाचे काय गहाण आहे, हे ते कधी कुणापाशी बोलत नाहीत. लग्नघरची खरेदी असो की अडचणीतली विक्री, गादीवरचे बोलणे गादीवरच राहते. त्यांच्या मते दुकानाच्या दर्शनी काचेत जे मांडले जाते त्यापेक्षा जे कधीच मांडले जात नाही, त्यावर पेढीची पत टिकते.

विचार केला तेव्हा जाणवले की बँकिंग व्यवसायाने हे तत्त्व फार पूर्वी स्वीकारले आहे. आपण वाणिज्याचे विद्यार्थी असताना टूर्नियर खटला अभ्यासलेला असतो. इंग्लंडमधील एका बँकेच्या शाखाधिकाऱ्याने खातेदाराच्या थकबाकीविषयी त्याच्या मालकाशी दूरध्वनीवर बोलणे केले, तो सट्टा खेळत असावा असा संशयही व्यक्त केला आणि त्या खातेदाराची नोकरी गेली. १९२४ साली तेथील अपील न्यायालयाने निर्णय दिला की ग्राहकाविषयी गुप्तता राखणे हे बँकेचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्याला चारच अपवाद सांगितले गेले: कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेच्या स्वतःच्या हिताचे रक्षण आणि ग्राहकाची संमती. आपल्याकडे १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर आलेल्या १९७० च्या अधिनियमातील तेराव्या कलमाने हेच बंधन घातले आणि रुजू होताना प्रत्येक कर्मचाऱ्याकडून निष्ठा व गुप्ततेचे घोषणापत्र घेण्याची तरतूद केली. त्या कागदावर मीही सही केली होती. मात्र ते घोषणापत्र खातेवहीपुरते आहे आणि मोबाईलचा कॅमेरा त्याच्या कक्षेबाहेर आहे, अशी माझी नकळत समजूत झाली होती. संमती म्हणजे काय, हे २०२३ सालच्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाने अधिक नेमके सांगितले आहे. ती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. दाईंच्या 'हव'ला या पाच कसोट्या लावून पाहिल्या तर त्यातली कोणतीही पुरती उतरत नाही.

माझ्या हातून ही चूक का झाली? मी काही निष्काळजी अधिकारी नव्हते. कारण शोधताना बँक ऑफ इंग्लंडमध्ये काम केलेले अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांचे १९७५ मधील प्रतिपादन आठवले. पुढे ते त्यांच्याच नावाने नियम म्हणून प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा की एखादे मापच उद्दिष्ट झाले की ते चांगले माप राहत नाही. मोहीम कशी चालली आहे हे कळावे म्हणून आपण पसंतीचे अंगठे मोजू लागलो आणि हळूहळू अंगठे मिळावेत म्हणूनच मोहीम आखू लागलो. त्या आठवड्यात दाईंच्या छायाचित्राला शाखेच्या कोणत्याही मजकुरापेक्षा अधिक पसंती मिळाली होती. आकड्यांच्या तक्त्यात तो दिवस यशाचा होता. एक चांगला खातेदार कायमचा दुरावला, याची नोंद करण्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

याचा अर्थ समाजमाध्यमे त्याज्य आहेत असा मुळीच नाही. तसे म्हणणे विपणन क्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्तीला शोभणार नाही आणि ते खरेही होणार नाही. पोलीस वा तपास अधिकारी असल्याची बतावणी करून 'डिजिटल अटक' झाल्याचा धाक घालणाऱ्या भामट्यांविषयी आम्ही एक साधी सूचना व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नसते, घाबरू नका, फोन ठेवा आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा, एवढाच मजकूर. काही दिवसांनी बुढापाऱ्यातील एक निवृत्त शिक्षक शाखेत आले. त्यांना तसाच फोन आला होता आणि ठेव मोडण्यासाठी ते निघालेही होते. पण आमची सूचना आठवून त्यांनी फोन ठेवला होता. त्या सूचनेवर अंगठे मोजून अकरा होते. माझ्या मते आजवर मी केलेले ते सर्वांत यशस्वी विपणन आहे.

प्रसार कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे. रायपूरच्या इतिहासात त्याचे एक सुंदर उत्तर सापडते. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे त्याचे संपादक, तर वामनराव लाखे प्रकाशक. तिघेही मराठी कुळांतले. पण वाचक ज्या भाषेत वाचेल त्या भाषेत लिहायचे, असे त्यांनी ठरवले. समर्थांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे सप्रे ते हेच. आर्थिक अडचणींमुळे तीनच वर्षांत, १९०२ च्या अखेरीस, मासिक बंद पडले. आजच्या तक्त्यात ते अपयशी ठरले असते; प्रत्यक्षात छत्तीसगढमधील पत्रकारितेचा आरंभबिंदू म्हणून आज त्याचेच नाव घेतले जाते. आपणा बँकवाल्यांना अधिक जिव्हाळ्याची गोष्ट ही की त्याच वामनराव लाखे यांनी पुढे १९१३ मध्ये रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँकेचा पाया घातला. शहरातील लाखेनगर त्यांच्या नावाने ओळखले जाते. लोकांपर्यंत विचार पोहोचवण्याचे आणि लोकांचा पैसा विश्वासाने सांभाळण्याचे अशी दोन्ही कामे एका माणसाने केली. ती परस्परविरोधी नाहीत, फक्त त्यांची मर्यादा ओळखता आली पाहिजे.

हीच मर्यादा आपल्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या, जीवनालाही लागू आहे. शाखा बंद होते पण गट बंद होत नाही. रात्री साडेदहाला नव्या योजनेचे चित्र येते, ते आपापल्या व्यक्तिगत खात्यावर प्रसृत करून त्याची पडद्यावरील प्रतिमा पाठवावी, अशी अपेक्षा असते. कोणी सक्ती करीत नाही. पण सर्वांनी पाठवली आणि आपणच नाही, हे मनाला खाते. ज्या पानावर आपली भावंडे, मैत्रिणी, शाळेतले गुरुजी आहेत ते पान हळूहळू जाहिरातीचा फलक होते आणि मग आपण मनापासून लिहिलेलेही लोक जाहिरात समजून पुढे सरकवतात.

एकदा रात्री मी स्वयंपाकघरात होते आणि सात वर्षांची माझी मुलगी मोबाईलशेजारी गृहपाठ करीत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "आई, तुझ्या ऑफिसचा मेसेज आला होता. मी तुझा अंगठा देऊन टाकला." तिने मला हेच करताना रोज पाहिले होते. मी धावत जाऊन पाहिले, तर सुदैवाने तो केवळ एक अभिनंदनाचा संदेश होता. माझ्या नावाने एका बालिकेने दिलेला अंगठा कोणालाही वेगळा वाटला नाही. दिवसा शाखेत मी खातेदाराचा अंगठा समक्ष उमटल्याखेरीज स्वीकारीत नाही आणि माझ्या स्वतःच्या अंगठ्याला मात्र एवढेच मोल उरले होते.

पुढे ज्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते की माहितीची विपुलता अवधानाचे दारिद्र्य निर्माण करते. तेव्हा यांपैकी एकही माध्यम अस्तित्वात नव्हते. आज त्याची दखल कायदेही घेऊ लागले आहेत. कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काला फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, तर ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कायद्याचा आधार मिळाला. आपल्या लोकसभेतही २०१८ साली श्रीमती सुप्रिया सुळे यांनी या विषयावर खासगी विधेयक मांडले होते. परंतु प्रत्येक गोष्टीसाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नसते. काही शिस्त आपली आपणच लावून घेता येते.

आमच्या शाखेत आम्ही सर्वानुमते काही साधे नियम ठरवले आहेत. कर्ज वा ठेवीचा व्यवहार ज्या दिवशी झाला त्या दिवशी ग्राहकाचे छायाचित्र मागायचे नाही. मागायचेच असेल तर काही दिवसांनी, व्यवहार न करणाऱ्या दुसऱ्या सहकाऱ्याने, ते कुठे दिसेल हे मोबाईलवर प्रत्यक्ष दाखवून, लेखी संमती घ्यायची. आणि 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नाही. तारण कर्जदाराचे छायाचित्र तर कधीच नाही. योजना दाखवायची, माणूस दाखवायचा नाही. व्यक्तिगत खात्यावर बँकेचा मजकूर देणे हा प्रत्येकाच्या खुषीचा मामला. रात्री आठनंतर गटावर फक्त फसवणुकीविषयीचे इशारे. आणि महिन्याच्या तक्त्यात अंगठ्यांच्या शेजारी आम्ही एक नवा रकाना आखला आहे: गेल्या वर्षीचे किती कर्जदार यंदा पुन्हा आपल्याकडे आले? या रकान्यातला आकडा सावकाश वाढतो. पण तो वाढला की तो खरा असतो.

ग्राहक बंधुभगिनींनाही एक विनंती. समाजमाध्यमांवर तक्रार अवश्य करा, पण खाते क्रमांक, मोबाईल क्रमांक उघडपणे लिहू नका. अशा तक्रारींवर बँकेच्या नावाने बनावट खाती टपून बसलेली असतात आणि मदतीच्या मिषाने आपल्याशी संपर्क साधतात. आणि एखाद्या अधिकाऱ्याने छायाचित्राची परवानगी मागितली तर निःसंकोचपणे 'नको' म्हणा. त्यामुळे आपल्या कामाला किंचितही बाधा येणार नाही, येता कामा नये.

मागच्या पोळ्याच्या सुमारास दाई सदर बाजारात मला समोरून येताना दिसल्या. मुलीचे लग्न झाले होते. तीजासाठी ती माहेरी यायची होती आणि तिच्यासाठी काही घ्यायला त्या बाहेर पडल्या होत्या. त्यांनी माझी विचारपूस केली, मीही केली. त्यांच्या गळ्यात तीच माळ होती. शाखेत या, असे म्हणण्याचा मोह मला झाला. पण मी म्हटले नाही. ज्या विश्वासाचा एकदा आपल्याकडून अपव्यय झाला, तो मागून परत मिळत नाही. तो मिळालाच तर पुन्हा एखाद्या दिवशी, शाईच्या डबीसह, आपणहून समोर येऊन बसेल. तोपर्यंत आपण आपले काम नीट करीत राहावे, हे बरे.